तुम्ही विचारलंत म्हणून: मधले ९ किलोमीटर डांबरी रस्त्यावरून का?

आमची ट्रेल ओपन झाल्यापासून दर थोड्या दिवसांनी कोणीतरी मला हेच विचारतं. एवढी छान डोंगराच्या कडेकडेने जाणारी वाट, आणि मध्येच ९ किलोमीटर डांबरीवर का उतरवलीत, शेजारून ट्रक जातात. मी आत्तापर्यंत "परवानगी मिळाली नाही" एवढंच सांगत आले. ते अर्धंच खरं आहे. परवानगी मिळाली होती, ती आमच्यामुळे गेली, आणि आमच्यामुळे म्हणजे मुख्यतः माझ्यामुळे.

"घाईघाईत ओपन केलीत" म्हणणाऱ्यांना मात्र मी अजूनही उत्तर देईन. इंग्लंडमधल्या पेनाइन वेची कल्पना टॉम स्टीफन्सनने १९३५ ला मांडली, ट्रेल ओपन झाली १९६५ ला, आणि मधली बरीच वर्षं लोकांच्या जमिनीतून जायचा हक्क मिळवण्यात गेली. अमेरिकेतली ॲपलाचियन ट्रेल १९२१ ला सुचली, १९३७ ला सलग झाली, पुढच्याच वर्षी वादळाने झाडं आडवी पडून तुटली आणि पुन्हा सलग व्हायला १९५१ उजाडलं. न्यूझीलंडची सुमारे ३,००० किलोमीटरची ते आरारोआ २०११ ला ओपन झाली तेव्हा तिच्यात रस्त्यावरचे तुकडे होतेच, आजही आहेत. सगळे तुकडे जुळेपर्यंत थांबायचं म्हटलं तर कुठलीच ट्रेल ओपन होणार नाही.

हे मी मीटिंगमध्ये तोंडपाठ सांगते. पण त्यांच्या कारणांमागे मी किती दिवस लपणार.

आमच्या त्या मधल्या तुकड्यातली जमीन एका वयस्कर काकांची. आठ फेऱ्या मारल्या तेव्हा त्यांनी तोंडी हो म्हटलं, आणि सांगणं तीनच: एका वेळी सात-आठ जणच या, फाटक लावून घ्या, गडग्याला हात लावू नका. तो गडगा म्हणजे दगडांचं कुंपण, त्यांच्या वडिलांनी रचलेलं, माती नाही सिमेंट नाही, नुसता दगडावर दगड.

ओपनिंगला दीड महिना राहिला होता, तारीख जाहीर झाली होती, आणि त्या रविवारी वाटेच्या कामाला ४३ जण आले. कोणालाही परत पाठवायचं माझ्या जिवावर आलं. चार गट केले, हत्यारं वाटली आणि मी क्लिनोमीटर (चढ-उतार मोजायचं साधन) घेऊन पुढे आखणीला गेले, कारण तिथली आखणी अवघड होती. वाटेचा चढ डोंगराच्या उताराच्या निम्म्याहून कमी ठेवावा लागतो, नाहीतर पाणी वाट ओलांडून खाली न जाता वाटेवरूनच धावतं आणि काही पावसाळ्यांत वाटेची घळ होते. हे पाळायचं तर आमची रेघ एका पाणथळ जागेतूनच जात होती. तिथे पाय ठेवायला दगड हवे होते, आसपास नव्हते, आणि गडगा दहा पावलांवर होता.

मी परत आले तेव्हा ११ दगड बसवून झाले होते. काम खरंच उत्तम होतं, प्रत्येक दगड खोल बसवलेला, जरासुद्धा हलत नव्हता. पण वरच्या अंगाला दगडफुलाचे पांढरट चट्टे होते. चिखलातून उकरलेल्या दगडावर ते नसतात, वर्षानुवर्षं ऊन-वारा खाल्लेल्या दगडावर असतात. मला कळलं. बघताक्षणी कळलं. आणि मी त्यातल्या एकावर उभी राहिले, अंग हलवून बघितलं आणि म्हणाले, "मस्त बसलाय." संध्याकाळी काकांना फोन करून सांगू असं ठरवलं आणि केला नाही.

रात्री त्या खिंडारातून गुरं बाहेर गेली. दुपारपर्यंत सगळी सापडली, पण फोन सकाळीच आला होता. "ताई, गडग्याला हात लावू नका म्हटलं होतं."

आम्ही तिघं लगेच गेलो, दगड उपसून जागेवर लावले. मी दगडफुलाची बाजू बाहेर येईल अशी बघून बघून लावत होते. काका उभे राहून बघत होते. मग त्यांनी माझे दोन दगड काढले आणि प्रत्येक दगड खालच्या दोन दगडांवर टेकेल असे परत लावले, हात झटकले आणि म्हणाले, "आता येऊ नका." आवाज चढला नाही. चढला असता तर मला बरं वाटलं असतं.

दुसरी वाट शोधली नाही असं समजू नका. वरच्या अंगाने कडा आहे, खाली नदी, म्हणून डांबरी.

तेव्हाची मी अजून भांडते माझ्याशी. तारीख दिली नसती तर लोक आले असते का? वर्षभर चार जण घासत होते, तारीख लागली आणि ४३ आले, हे तिचं म्हणणं मला आजही खोडता येत नाही. ज्यांनी दगड काढले त्यांना गडग्याचं माहीतच नव्हतं, सकाळी सांगायचं काम माझं होतं आणि मी घाईत फक्त हत्यारं कशी धरायची ते सांगितलं. मग तारखेचा दोष की माझा? कधी असं वाटतं, कधी तसं. ४३ जणांना एका जागी न्यायचंच नव्हतं हे मात्र आता पटलंय, आता आम्ही आठाच्या वर नेत नाही आणि कोणी नाराज झालं तरी परत पाठवतो.

आमच्या कामाच्या नकाशात त्या जमिनीतून जाणारी तुटक रेघ अजून आहे. टीममधले निम्मे म्हणतात काढून टाक, नवीन मुलं बघतात आणि विचारत बसतात, त्यापेक्षा डांबरीच्या कडेने मातीतून चालायला पट्टी तरी करूया. पट्टीचं काम पुढच्या महिन्यात सुरू करतोय. रेघ मी काढलेली नाही.