उद्याची बातमी आजच छापणारा माणूस

सूनबाईंनी तुर्की लेखक ओरहान पामुकची 'स्नो' ही कादंबरी हातात ठेवली. म्हणाल्या, "बाबा, यात एक वर्तमानपत्र आहे, उद्याची बातमी आजच छापतं." बडोद्याच्या रावपुऱ्यातल्या छापखान्यात मुद्रितं तपासण्यात हयात गेली माझी, एवढं आमिष पुरलं. मूळ तुर्की पुस्तक २००२चं, मी वाचलं ते मॉरीन फ्रीलींचं इंग्रजी.

'का' नावाचा कवी बारा वर्षं फ्रँकफुर्टला परागंदा. आई गेल्यावर परततो आणि कार्स या तुर्कस्तानच्या सरहद्दीजवळच्या गावी जातो. निमित्त बातमीदारीचं: नगरपालिकेची निवडणूक, आणि डोक्यावरच्या रुमालाच्या बंदीवरून आत्महत्या करणाऱ्या मुली. खरी ओढ जुन्या ओळखीतल्या इपेकची. तिचा घटस्फोट झालाय हे याला आधीच कळलेलं. बर्फानं रस्ते बंद होतात आणि सगळेच अडकतात.

तिथला संपादक सेरदार बे त्याला उद्याचा अंक दाखवतो. त्यात छापलंय, की काल रात्री नाट्यगृहात 'का' यांनी 'बर्फ' ही कविता वाचली. 'का' म्हणतो, अशी कविता मी लिहिलेलीच नाही आणि मी नाटकालाही जाणार नाही. संपादक ढिम्म. रात्री कविता होते, वाचलीही जाते! आमच्याकडेही सत्काराचा वृत्तांत सत्काराआधी यायचा, 'टाळ्यांच्या कडकडाटा'सकट, आणि आम्ही तो निमूट जुळवायचो. पण ते चोरून. सेरदार बे मिरवतो. त्याच रात्री रंगमंचावरून सैनिक खऱ्या गोळ्या झाडतात, तेव्हा प्रेक्षकांना तोही नाटकाचाच भाग वाटतो. पुढे हेच वर्तमानपत्र 'का' देवद्रोही असल्याचं छापतं, तिथे मात्र हसू मावळलं.

'का' मला आवडला नाही. गावात मुडदे पडताहेत आणि याच्या डोक्यात इपेकला फ्रँकफुर्टला न्यायचे बेत. धर्मवाले, लष्करवाले, दोघांकडे निरोप घेऊन फिरतो, कुणाचाच नाही. माझा माणूस फाझिल. धार्मिक शाळेतला हा गरीब पोरगा शेवटी लेखकालाच बजावतो, की तुम्ही दुरून आमच्याबद्दल लिहाल त्यावर वाचकांनी विश्वास ठेवू नये, हे छापा. पुण्याचे पाहुणे दांडिया बाजारातल्या आमच्या घरी येऊन "बडोद्यात राहून मराठी छान राखलंय हं" म्हणतात, तेव्हा आम्ही चिवड्याची बशी पुढे करतो. फाझिलनं केली नसती.

सूनबाईंचं मत वेगळं. 'का'ची कवितांची हिरवी वही शेवटी सापडत नाही, त्याचं त्यांना फार वाईट वाटलं. रोज जेवताना आमचा यावर वाद चालू आहे.