डाय, क्रिएटिनीन आणि पुढे ढकललेला सीटी स्कॅन

सीटी स्कॅनच्या चिठ्ठीवर ‘कॉन्ट्रास्टसह’ (म्हणजे अवयव ठळक दिसावेत म्हणून शरीरात सोडतात ते द्रव्य, अर्थात ‘डाय’, देऊन) असे लिहिलेले दिसले की घरातले कोणी ना कोणी ‘डायने किडनी जाते म्हणे’ असे म्हणतेच. ही भीती निराधार नाही. परंतु आज ती जितकी बाळगली जाते तितकी खरीही नाही, आणि तिच्यापायी गरजेची तपासणी लांबणीवर पडणे हा मला अनेकदा डायपेक्षा मोठा धोका वाटतो.

भीतीचे मूळ जुन्या आयोडीनयुक्त द्रव्यांत आहे. त्यांची ऑस्मोलॅलिटी, म्हणजे विरघळलेल्या कणांची दाटी, रक्ताच्या सुमारे पाचपट असे. आज सर्रास वापरली जाणारी आयोहेक्सॉलसारखी द्रव्ये रक्ताच्या दोन ते तीनपट असतात, तर आयोडिक्सॅनॉल जवळपास रक्ताइतकेच असते. मूत्रपिंडाच्या आतल्या भागाला मुळातच प्राणवायू बेताचा मिळतो. डायमुळे तिथल्या रक्तवाहिन्या आकुंचन पावतात आणि सूक्ष्मनलिकांच्या पेशींना थेट इजाही होऊ शकते. अशा वेळी क्रिएटिनीन, म्हणजे मूत्रपिंडे रक्तातून गाळून टाकतात तो टाकाऊ घटक, एक-दोन दिवसांत वाढू लागते, तीन ते पाच दिवसांत शिखर गाठते आणि बहुतेकांत पुढच्या आठवड्याभरात पूर्ववत होते.

मात्र रुग्णालयात दाखल असलेल्या माणसाचे क्रिएटिनीन जंतुसंसर्गाने, रक्तदाब घसरल्याने किंवा औषधांनीही वाढते. जुन्या अभ्यासांपैकी अनेकांत डाय न दिलेल्या रुग्णांशी तुलनाच नव्हती, त्यामुळे सगळे खापर डायवर फुटले. २०१३ पासून अशा तुलना मोठ्या प्रमाणावर झाल्या आणि मूत्रपिंडे बऱ्यापैकी चालणाऱ्यांत दोन्ही गटांमध्ये फारसा फरक आढळला नाही. अमेरिकेतील रेडिओलॉजी आणि मूत्रपिंडविषयक संस्थांनी २०२० मध्ये संयुक्त निवेदन काढून शिरेतून दिलेल्या डायबाबत मुख्य काळजी ईजीएफआर (क्रिएटिनीन, वय आणि लिंग यांवरून काढलेला मूत्रपिंडांच्या गाळण्याच्या वेगाचा अंदाज) ३० च्या खाली असलेल्यांची आणि मूत्रपिंडाला नुकतीच तीव्र इजा झालेल्यांची घ्यावी, असे सांगितले. धमनीतून दिलेला डाय मूत्रपिंडात अधिक तीव्र स्वरूपात पोहोचू शकतो, म्हणून अँजिओग्राफीच्या वेळी ईजीएफआर ३० च्या थोडा वर असला तरीही सावधगिरी बाळगतात.

इथे नुसत्या क्रिएटिनीनवर विसंबणे फसवे ठरते. माझ्या बहात्तर वर्षांच्या मावशीचे क्रिएटिनीन १.४ आले, आणि तपासणी केंद्राने तेवढ्यावरून स्कॅन पुढे ढकलला. हाच आकडा तीस वर्षांच्या पुरुषात सुमारे ६९ ईजीएफआर दाखवतो, मावशीच्या वयात सुमारे ४०. म्हणजे तिची मूत्रपिंडे तरुणाइतकी धडधाकट नव्हती, पण स्कॅन नाकारावा अशीही नव्हती. केंद्राने ईजीएफआर काढलाच नव्हता. डॉक्टरांनी तो काढून मग स्कॅन करवून घेतला.

खबरदारीच्या नावाखाली आपण जे करतो त्यातही गफलत असते. ‘उपाशी या’ या सूचनेचा अर्थ पाणीही बंद असा लावून वयस्कर माणसे रात्रीपासून कोरडी बसतात, वर गुडघ्यासाठी वेदनाशामक गोळी घेतात. आधीच दुबळ्या मूत्रपिंडांना हे दोन्ही बाधते. पाणी कधीपर्यंत चालेल हे स्पष्ट विचारून घ्यावे. ॲसिटिलसिस्टिनच्या गोळ्या आणि सोडियम बायकार्बोनेटची सलाईन यांचा फायदा होतो हा जुना समज ‘प्रिझर्व्ह’ या मोठ्या चाचणीत टिकला नाही. खऱ्या जोखमीच्या रुग्णाला साधे सलाईन द्यायचे की नाही, हे हृदयाची स्थिती पाहून डॉक्टरांनी ठरवावे, कारण कमकुवत हृदयाला जादा पाणी झेपत नाही. मेटफॉर्मिन हे मधुमेहाचे औषध डायमुळे मूत्रपिंडाला अपाय करते म्हणून नव्हे, तर मूत्रपिंडे मंदावल्यास ते शरीरात साचते म्हणून काहींत ४८ तास थांबवतात. ईजीएफआर ठीक असेल तर बहुधा गरज पडत नाही. कोणतीही गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नये, हे वेगळे सांगायला नकोच.

‘मग सीटी नको, एमआरआय करा’ ही पळवाटही सरसकट चालत नाही. एमआरआयमधील गॅडोलिनियमच्या काही जुन्या द्रव्यांमुळे अत्यंत क्षीण मूत्रपिंडांच्या रुग्णांत त्वचा व सांधे आखडणारा गंभीर विकार होतो, हे २००६ मध्ये लक्षात आले. नव्या, रेणूची बांधणी अधिक घट्ट असलेल्या द्रव्यांत तो फारच विरळा आहे. त्यामुळे डायलिसिसवरील रुग्णाच्या नातेवाइकांनी एमआरआयआधी कोणते द्रव्य देणार आहेत, हे नावानिशी विचारावे.