स्ट्रट

बडोद्यात भाषांतराचं काम करते, त्याला आता अकरा वर्षं झाली. परवा हाती आला तो एका कंत्राटदाराचा सुरक्षा-सूचनांचा कागद. ड्रेनेजच्या खोल चरात उतरणारे बरेच मजूर धुळे-नंदुरबारकडचे, म्हणून कागद मराठीत हवा होता. कच्चा मसुदा मशीनने करून पाठवलेला, मी फक्त नजर फिरवायची. सातव्या ओळीत लिहिलं होतं: ‘माती भरण्यापूर्वी ऐटीत चालणे काढू नये.’

मूळ इंग्रजी उघडलं. शब्द होता स्ट्रट.

हसू आलं नाही. चराच्या दोन्ही बाजूंना फळ्या लावतात आणि त्या आत कोसळू नयेत म्हणून मध्ये आडवे दांडे ठोकून बसवतात. ते दांडे म्हणजे स्ट्रट. एक घनमीटर माती दीड टनाच्या पुढे भरते. ती ओळ ज्याला कळली नाही, त्याने भलत्या वेळी दांडा काढला तर?

ओळ दुरुस्त केली तरी शब्द डोक्यातून जाईना. छाती काढून चालणं आणि मातीला अडवणारा दांडा एकाच शब्दात कसे? घरी येऊन इंग्रजी व्युत्पत्तिकोश काढला. जुन्या इंग्रजीत हे क्रियापद ताठ उभं राहण्याचं, पुढे फुगून बाहेर येण्याचं. जर्मनमधला ‘श्ट्रोत्सन’, म्हणजे ओसंडेपर्यंत भरलेलं असणं, हा त्याचाच भाऊबंद. ऐटीत चालण्याचा अर्थ १६व्या शतकात आला, आणि टेकूचा अर्थही त्याच शतकाच्या अखेरीस. दोन्हींच्या मुळाशी ताठपणा. ऐटीत चालण्याचाच दुसरा इंग्रजी शब्द ‘स्वॅगर’, त्याचं तसं नाही, तो बहुधा डुलण्या-झुलण्याच्या शब्दावरून आलेला, म्हणून त्या चालीत खांदे हलतात. स्ट्रटमध्ये मान, पाठ, गुडघे सगळं आवळलेलं.

आणि मग एकदम उमगलं की हे आपल्याकडे आहेच! ताठ आणि ताठा. पाठीचा कणा ताठ, आणि माणसाच्या वागण्यात ताठा. आजी एखादीबद्दल म्हणायची, ‘काय ताठ्यात चालतेय बघ.’ इतकी वर्षं कोश चाळतेय, पण हे दोन शब्द शेजारी ठेवून कधी पाहिले नव्हते.

तरी कागदावर ‘टेकू’ लिहायचं की आणखी काही, ते ठरेना. शेवटी दुसऱ्या दिवशी सकाळी कामावरच गेले. चर माझ्या उंचीच्या दुप्पट खोल. मुकादमाने खाली बोट दाखवलं. दोन फळ्यांमध्ये घट्ट बसलेला लाकडी दांडा, टोकाला पाचर, पाचरेवर हातोड्याच्या ताज्या खुणा.

“ताई, याला आम्ही धिरा म्हणतो. भिंतीला धीर देतो ना तो.”

तिथेच उभ्याने सातवी ओळ पुन्हा लिहिली आणि त्याला वाचून दाखवली: ‘आडवे धिरे खालून वर काढत यावेत. खालची माती भरल्याशिवाय एकही धिरा हलवू नये.’

त्याने ती चरातल्या पोरांना मोठ्याने ऐकवली. खालून एकाने विचारलं, “म्हणजे आधी सगळ्यात खालचा?”

“हो,” मुकादम म्हणाला, “आणि तोही माती पडल्यावरच.”