खिडकीवरचं 'आमदार'

"आई, इथे आमदार बसतात?" एसटीत पुढच्या सीटवरचं पोरगं खिडकीवरची अक्षरं बोटाने गिरवत होतं. आई हसली. "ते कशाला येतात एसटीने!"

मला राहवेना. म्हटलं, "यायचे रे बाळा. सांगोल्याचे गणपतराव देशमुख यायचे."

१९६२ला पहिल्यांदा निवडून आले, २०१४ला ११व्यांदा. मध्ये १९७२ आणि १९९५ला पडले, तरी शेतकरी कामगार पक्ष सोडला नाही की सांगोला सोडला नाही. एवढ्या वर्षांत इतरांनी किती झेंडे बदलले! २०२१ला गणपतराव आबा गेले, तेव्हा घरातलं माणूस गेल्यासारखं वाटलं होतं.

'आ'चा रंग पार उडालाय. पोराने त्यावरून पुन्हा बोट फिरवलं.

"मग आता कोण बसतं?"

काय सांगायचं त्याला?