एक सारस, दोन भाव

लेखकांचं बरं असतं. त्यांचं पुस्तक कोण कसं वाचतंय हे त्यांना दिसत नाही. कुणी पाच पानांत कंटाळून उशाशी टाकलं असेल, कुणी झोप यावी म्हणूनच हातात घेतलं असेल. लेखक आपला घरी निवांत. स्वतः कॉमिक काढून, स्वतः छापून, स्वतःच टेबल मांडून विकणाऱ्याला ही सोय नाही. गिऱ्हाईक समोर उभं राहतं, पुस्तक उचलतं आणि तुमच्या डोळ्यांदेखत वाचायला लागतं. कुठे ओठ हलले, कुठे हसू फुटलं, कुठे दोन पानं एकदम उलटली, सगळं दिसतं. आणि आपण मात्र काहीच बघत नसल्यासारखं सुटे पैसे मोजत बसायचं.

हा उद्योग मी दोन ठिकाणी करते. मुंबई-पुण्याकडच्या कॉमिक कॉनला, म्हणजे कॉमिकच्या मोठ्या जत्रेला, आणि दिवाळीनंतर आमच्या भंडारा-गोंदियाकडच्या मंडईत. गोष्ट दोन्हीकडे एकच, एका सारस जोडीची.

भाऊबीज सरली की झाडीपट्टीत, म्हणजे आमच्या पूर्व विदर्भात, गावोगाव मंडई भरते. ज्या गावची मंडई त्या गावात त्या दिवशी लेकी, जावई, सोयरेधायरे सगळे हजर. दुपारी गोवारी नाचतात, दंडार हा नाच-गाण्याचा खेळ होतो, रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी जिलेबी, शिंगाडे, फुगे, बांगड्या. रात्री गडचिरोलीतल्या वडशाकडच्या एखाद्या मंडळाचं नाटक, ते पहाटेपर्यंत. या गर्दीत सोयरिकीही जुळतात, त्यामुळे पोरगी टेबल मांडून बसलेली दिसली की पुस्तकापेक्षा तिच्या वयाची चौकशी आधी होते. माझ्या टेबलाशी थांबणाऱ्या बायांपैकी निम्म्या तरी मनातल्या मनात कुठल्यातरी भाच्याशी माझी गाठ मारून जातात. पुस्तक न घेता.

कॉमिक कॉनचं काही फार वेगळं नसतं. भारतातलं पहिलं भरलं ते फेब्रुवारी २०११ मध्ये, दिल्लीत, आणि तेही दिल्ली हाटला, म्हणजे जिथे एरवी कारागीर आपला माल मांडून बसतात त्या बाजारात. मला हे कळलं तेव्हा फार हायसं वाटलं. टोकियोतलं कॉमिकेट, स्वतः छापलेल्या कॉमिकचा असाच मेळा, १९७५ च्या डिसेंबरात पहिल्यांदा भरलं तेव्हा तिथे आपली पुस्तकं घेऊन आलेले गट होते ३२ आणि बघायला आलेली माणसं सातशेच्या आसपास. तेवढी दुकानं आणि तेवढी माणसं आमच्याकडच्या मध्यम गावाच्या मंडईत सहज असतात. आता टोकियोत लाखांनी लोक लोटतात हा भाग निराळा.

कॉनमध्ये आमच्यासारख्यांना एक रांग दिलेली असते. टेबल, दोन खुर्च्या, मागे पाठ टेकायला काही नाही. चादर आपली, पुस्तकं टांगायची जाळी आपली, चिमटे आपले. हॉलमध्ये गर्दी वाढली की मोबाइलचं नेटवर्क बसतं आणि क्यूआर कोड नुसता शोभेला उरतो. म्हणून मी सुट्या नोटांचं पाकीट पोटाशी बांधून ठेवते, मंडईत आई बांधते तसं.

आता सारसाबद्दल. उडणाऱ्या पक्ष्यांत जगात सगळ्यात उंच हाच. सहा फुटांपर्यंत जातो, म्हणजे आमच्या घरातल्या सगळ्यांपेक्षा उंच. महाराष्ट्रात तो आता मुख्यतः गोंदिया-भंडाऱ्याच्या धानपट्ट्यातच आणि तिथेही मोजकाच उरलाय. पावसाळ्यात धानाच्या बांधीत, म्हणजे बांध घातलेल्या शेतात, पाण्यात, गवताकाडीचा ढीग रचून घरटं करतो. अंडी बहुधा दोन. नर-मादी मिळून ओरडतात, एकाचा सूर संपायच्या आत दुसऱ्याचा. नाचतातही. इतकं सगळं आयतं मिळाल्यावर चित्रकाराला आणखी काय पाहिजे, असं वाटेल. पण सहा फुटांचा पक्षी चौकटीत बसत नाही. पाय घेतले तर डोकं जातं, डोकं घेतलं तर तो बगळा वाटतो. आडव्या चौकटीत तर त्याची पार कोंबडी होते. शेवटी पानभर उंचीच्या उभ्या, अरुंद चौकटी पाडल्या. एका पानात तीन, आणि माणसं त्या चौकटींच्या तळाशी, गुडघाभर चिखलात. धानाची रोपं रोवणाऱ्या बाया वाकलेल्या आणि त्यांच्यावरून सारस बघतोय. हे पान जमलं त्या रात्री मी घरातल्या सगळ्यांना उठवून दाखवलं. बाबा म्हणाले, छान आहे, आता झोप.

छपाईचं गणित मात्र चौकटींसारखं मनावर घेता येत नाही. मधोमध पिना मारायच्या पुस्तकात एका दुमडलेल्या कागदाची चार पानं होतात, म्हणून पानं चारच्या पटीत लागतात. गोष्ट १८ पानांत संपली तरी २० छापायची; उरलेल्या दोन पानांत तळ्याचं चित्र टाका नाहीतर आभार माना. ऑफसेटवर छापलं तर प्लेटचा आणि मशीन लावण्याचा खर्च शंभर प्रतींना तेवढाच आणि हजार प्रतींना तेवढाच, म्हणून जास्त छापा, प्रत स्वस्त पडते. पण मग त्या हजार प्रती ठेवायच्या कुठे? आमच्याकडे धानाच्या पोत्यांशेजारी ठेवतात, आणि उंदरांना दोन्ही चालतं. डिजिटलवर पन्नास प्रतीही काढून देतात, पण प्रतीमागे भाव फारसा उतरत नाही. नागपूरचा माझा प्रेसवाला दर वेळी हेच समजावतो आणि दर वेळी मी पहिल्यांदाच ऐकल्यासारखी मान डोलावते. यातून मी मधला मार्ग काढलाय. कॉनसाठी रंगीत, जाड आर्ट पेपरवर, थोड्या प्रती, भाव १५० रुपये. मंडईसाठी तेच पुस्तक काळ्या शाईत, साध्या मॅपलिथो कागदावर, भाव ३० रुपये.

वाचणाऱ्यांच्या तऱ्हा दोन्हीकडे अगदी उलट. कॉनमधला माणूस पुस्तक मागून उघडतो. कागद बोटांत चोळून बघतो, चित्रावरून नजर फिरवतो, पात्रांच्या तोंडच्या फुग्यातला मजकूर बहुतेक वाचत नाही. ‘क्यूट’ म्हणतो आणि सारसाचं स्टिकर घेतो. स्टिकरवर माझा राग नाही. टेबलाचं भाडं, विदर्भ एक्सप्रेसचं तिकीट आणि वडापाव हे सगळं स्टिकरांवरच निघतं. मंडईतला माणूस पहिल्या पानापासून सुरू करतो, शब्दाखाली बोट ठेवून, मोठ्याने. त्याच्याभोवती चार जण जमतात. मग तो सगळ्यांसाठी वाचतो, मध्येच मागचं पान पुन्हा दाखवतो, आणि संपल्यावर पुस्तक नीट जागेवर ठेवून म्हणतो, ‘‘पुरं वाचून झालं बाई, आता घेऊन का करू?’’ याला उत्तर नाही. आई मात्र गल्ल्यावरून उत्तर देते, ‘‘घरच्याईले वाचून दाखवा ना जी.’’ आणि दहातले दोन जण खरंच घेतात. विकण्याची अक्कल मला तिच्याकडून मिळायला हवी होती, मिळाली चित्रकला. ती कुणाकडून आली हे घरात कुणालाच माहीत नाही.

मंडईच्या काळ्या-पांढऱ्या प्रतीत एक अडचण निघाली. सारसाचं डोकं आणि मानेचा वरचा भाग लाल असतो, लालभडक, आणि इकडच्या पोरांना ते माहीत असतं. एका पोट्ट्याने पान धरून विचारलं, ‘‘तेच्या डोक्याले लाल नाही का लावलं?’’ खर्चाचं काय सांगणार त्याला? शेजारच्या दुकानातून लाल स्केचपेन आणला आणि त्याच्या प्रतीतल्या मुखपृष्ठावरच्या सारसाचं डोकं तिथल्या तिथे रंगवून दिलं. झालं. रांग लागली. ‘‘माह्यावालंही लाल करून दे.’’ ज्यांनी आधी घेतलं होतं तेही परत आले. एका पोरीने तर आतल्या पानांतलीही डोकी मोजून दाखवली आणि सगळी रंगवून घेतली, त्याच ३० रुपयांत. संध्याकाळपर्यंत माझी बोटं लाल आणि पेटी जवळजवळ रिकामी.

रंगवून उरलेल्या काही प्रती पुढे मुंबईच्या पेटीत चुकून गेल्या. तिथे एका चष्मेवाल्या मुलीने त्यातली एक प्रत उचलली आणि विचारलं, ही मर्यादित आवृत्ती आहे का? मी क्षणभर आईकडे बघितलं. आईने शांतपणे सांगितलं, ‘‘हो.’’ दोनशेला गेली. तेव्हापासून मी लाल पेन दोन्हीकडे नेते आणि या व्यवहाराबद्दल फार विचार करत नाही.

दोन्ही बाजारांत एक मागणी मात्र सारखी असते: दुसऱ्याचं कुणीतरी. कॉनमध्ये पोरं येऊन जपानी मालिकांतल्या पात्रांची नावं घेतात, त्यांची पोस्टरं आहेत का विचारतात. शेजारच्या टेबलांवर असतात आणि धडाधड खपतात. कायद्याने पाहिलं तर परवानगीशिवाय दुसऱ्याचं पात्र विकणं बरोबर नाही. जपानात चाहत्यांच्या अशा पुस्तकांकडे बरेचदा काणाडोळा केला जातो. मी ती काढत नाही यात तत्त्व थोडं आणि नाइलाज जास्त, कारण शेजारची पोरगी माझ्यापेक्षा कितीतरी सुंदर काढते. आणि मंडईत साठीचे काका टेबलाशी येतात, पुस्तकं चाळतात आणि हळूच विचारतात, ‘‘वेताळ नाही का?’’ इंद्रजाल कॉमिक्स १९६४ ला निघालं आणि १९९० ला बंद पडलं, पण त्यातला वेताळ, म्हणजे इंग्रजीतला फँटम, मराठीत वाचलेली ही पिढी अजून त्याची वाट बघतेय. वेताळ नाही म्हटल्यावर ते सारसाकडे ज्या नजरेने बघतात, ती नजर कॉनमधली पोरंही मला देतात. वयात चाळीस वर्षांचं अंतर, निराशा तीच.

आई एकदाच मुंबईला आली, आणि आली ती गल्ला सांभाळायला. वेगवेगळे वेश करून आलेली मुलं बघून ती बावरेल असं मला वाटलं होतं. पण जन्मभर मंडईची नाटकं पाहिलेल्या बाईला मुकुट, तलवारी आणि चेहऱ्याला फासलेला रंग याचं काय अप्रूप? पाठीला दोन पंख लावलेला एक उंच मुलगा टेबलाशी थांबला, तेव्हा तिने आपल्या हिंदीत विचारलं, ‘‘बेटा, तुम्हारा पार्ट कौनसा है?’’ तो आधी गोंधळला, मग खुर्ची ओढून बसला आणि त्याने पूर्ण मालिकेची कथा सांगितली. आईने मध्ये मध्ये योग्य प्रश्न विचारले. खलनायक शेवटी सुधारतो हे तिला पटलं नाही आणि तसं तिने सांगितलं. जाताना त्याने पुस्तक घेतलं. पंखांमुळे त्याला ते पिशवीत ठेवता येईना, आईनेच ठेवून दिलं.

त्याच दिवशी तुमसरकडचा एक मुलगा आला. पुण्याला नोकरी करतो म्हणाला. बोलीवरून मी ओळखलं, टेबलावरच्या पाटीवरून त्याने. पुस्तक बघून म्हणाला, ‘‘हे तं माह्या मामानं मंडईत तीस रुपयात घेतलं.’’ आता दीडशे कसे सांगायचे? मी कागद, रंग, छपाई असं काहीतरी चाचरत सुरू केलं. आई म्हणाली, ‘‘तिथं ग्रामपंचायतीची पावती फाडली का जागा भेटते जी. इथं टेबलाचं भाडं हजारात भरलं. तू पुन्याले राहते तं घरभाडं गावच्या हिशोबानं देते का?’’ त्याने दीडशे दिले. वर स्टिकरही घेतलं. पण जाताजाता त्याने सांगितलेली एक गोष्ट माझ्या डोक्यातून जाईना. त्याच्या मामाला पुस्तक आवडलं होतं, पण शेवट खोटा वाटला होता.

शेवट असा आहे की बांधीचा मालक घरट्याभोवतीचं धान तसंच सोडतो, पिल्लं उडून जातात, सगळे खूश. कॉनमध्ये या पानावर लोक हमखास हसतात, एकीच्या डोळ्यांत पाणीही आलं होतं. मंडईत याच पानावर शांतता पसरते, हे मी बघितलं होतं, आणि मला ती भारावलेली शांतता वाटायची. पुढच्या मंडईत एका म्हाताऱ्या मामाजींनी पुस्तक वाचून संपवलं, शेवटचं पान उलटून मागे आणखी काही आहे का ते पाहिलं आणि मला विचारलं, ‘‘मंग त्या बांधीवाल्याले पैसे भेटले का नाही?’’

‘‘कशाचे?’’

‘‘धान गेलं ना तेचं. घरट्याच्या जागेचं तं गेलंच, बघायले येनाऱ्याईनं तुडवलं ते अलग. अर्ज तं केला असन त्यानं.’’

भोवतालचे सगळे त्यांच्या बाजूने बोलायला लागले. एकाने तलाठ्याला बोलवायला हवं असं सांगितलं, दुसऱ्याने वन खात्याला, तिसऱ्याने दोघं एकमेकांकडे कसं पाठवतील ते अभिनयासह करून दाखवलं. आईने जिलेबी मागवली. मी पुस्तकाच्या कोऱ्या मागच्या पानावर भराभर लिहून घेत होते: पंचनामा, सातबारा, फोटो कुणी काढायचा, अंड्यांजवळ जायचं कसं, सारस अंगावर आला तर साहेब आधी पळणार की कारकून.

दुसरा भाग आता याच अर्जाचा आहे. बांधीवाला तालुक्याला चकरा मारतो आणि सारस घरट्यावर बसून त्याची वाट बघतो. कचेरीच्या जिन्यासाठी उभ्या अरुंद चौकटी फार छान जमतायत. फक्त अर्ज काही केल्या २० पानांत निकाली निघत नाही. कालच प्रेसवाल्याला फोन केला. २४ पानं करावी लागतील म्हणाला, आणि मग मंडईतला भाव ३५.

आईचं म्हणणं, ३५ ला सुटे देत बसावे लागतील, सरळ ४० कर.