तुम्ही विचारलंत म्हणून: काकू, शुगरची कोणती गोळी घेता?

परवा नागपुरात रेशीमबागेकडे एका लग्नात हातात प्लेट घेऊन उभी होते तर ओळखीतल्या एक बाई जवळ आल्या आणि म्हणाल्या, "काकू, कोणती गोळी घेता जी तुम्ही? आमच्या ह्यांची तर दोनशेच्या खाली येतच नाही." हा प्रश्न मला महिन्यातून दोनतीनदा येतोच, कारण शुगर असल्याचं कळून 13 वर्षं झाली तरी मी बासुंदीची अर्धी वाटी घेताना दिसते. आयसीएमआर या सरकारी वैद्यकीय संशोधन संस्थेचा 2023 चा तो अभ्यास आला होता ना, देशात 10 कोटींवर शुगरवाले म्हणून, त्यातले निम्मे आमच्याच नात्यात असावेत असं मला लग्नाच्या सीझनमध्ये वाटतं.

गोळीचं नाव सांगितलं मी त्यांना. मेटफॉर्मिन आणि सोबत ग्लिमेपिराइड. त्या म्हणाल्या, अरे हीच तर ह्यांनाही आहे. मग तेवढ्यात वरात आली आणि बोलणं राहिलं, म्हणून इथे लिहिते, थोडं लांबेल.

पहिली पाच वर्षं मी काहीच शिकले नव्हते, हे आधी कबूल करते. डॉक्टर दोन मिनिटांत सांगायचे, गोड बंद, भात बंद, फिरायला जा, पुढचा पेशंट. मी मान डोलवायची आणि घरी येऊन जमेल तेवढं करायची, म्हणजे चोरून खायची, आणि तपासणीच्या आधी दोन दिवस भात-साखर सोडून द्यायची म्हणजे उपाशीपोटीचा आकडा छान दिसायचा. एकदा त्यांनी तीन महिन्यांची शुगर काढायला सांगितली, एचबीए1सी, तेव्हा 9.1 आलं आणि चोरी पकडली गेली. रक्तातल्या लाल पेशी साधारण 120 दिवस जगतात, तेवढ्या दिवसांत त्यांना जी साखर चिकटली ती त्या सांगतात, दोन दिवसांच्या उपासाला त्या भुलत नाहीत. 9.1 म्हणजे सरासरी 215 च्या आसपास! मग मुलाने घरी शुगर मोजायचं मशीन आणून दिलं आणि मी रोज सकाळी बोट टोचून आकडा कॅलेंडरवर लिहायला लागले. कमी आला की खूश, जास्त आला की दिवसभर चिडचिड, बस. त्या आकड्याचं पुढे काय करायचं हे ना मला माहीत ना कोणी सांगितलेलं.

अक्कल आली ती संत्र्यांमुळे.

डिसेंबरचे दिवस, भावाने काटोलहून आंबिया बहाराची संत्री पाठवली होती आणि मी दुपारी नातवांना सोलून देत बसले होते. स्वतः दोनच फोडी खाल्ल्या, खरंच दोन. जेवायच्या आधी सहज बोट टोचलं तर 264. घाबरलेच. सकाळी नाश्त्यासोबत गोळी घेतलेली होती तरी एवढी कशी, म्हणून जेवणच घेतलं नाही आणि वरून बगिच्यात जाऊन पाच चकरा मारून आले. चार वाजता घरी परतले तर डिसेंबरात घामाने पाठ ओली, हात असे थरथरत होते की किल्ली कुलपात जाईना, आणि डोक्यात नुसती चीड, शेजारच्या पोरीवर उगाच खेकसले. तिनेच दार उघडून दिलं. टोचून बघितलं तर 54, म्हणजे शुगर फारच उतरलेली. मी घाईत तोंडात काय कोंबलं तर संत्रा बर्फी! त्यातल्या खव्यामुळे साखर रक्तात उतरायला वेळ लागतो, हे नंतर कळलं. बरं झालं पोरीने वाटीत पाण्यात साखर घोळून दिली, पंधरा मिनिटांनी हात थांबले.

पुढच्या आठवड्यात ही सगळी कथा मी ओपीडीतल्या आहारतज्ज्ञ बाईंना सांगितली. त्यांनी ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "हात धुतले होते का?"

नव्हते धुतले. मशीनला लागणारा रक्ताचा थेंब मोहरीच्या दाण्याहून लहान, आणि बोटावर संत्र्याच्या रसाची साखर, दोन्ही एकत्र मोजलं जाणार ना. घरी येऊन मी मुद्दाम करून पाहिलं, संत्रं सोललं, तसंच टोचलं तर 238, साबणाने हात धुवून, कोरडे करून पुन्हा टोचलं तर 127. एकच बाई, तीच खुर्ची, मध्ये पाच मिनिटं. सॅनिटायझरने पुसून भागत नाही, पाण्यानेच धुवायचे. म्हणजे त्या दुपारी शुगर चढलेलीच नव्हती, मी खोट्या आकड्यावर विश्वास ठेवून जेवण सोडलं, आणि ग्लिमेपिराइड असं आहे की तुम्ही जेवा नाहीतर न जेवा, ते पोटात गेलं की शरीराला शुगर उतरवणारं इन्शुलिन बाहेर काढायला लावतंच. नुसत्या मेटफॉर्मिनवर असं सहसा होत नाही. पाच वर्षं जी गोळी घेत होते तिचा हा स्वभाव मला त्या दिवशी कळला, सांगा आता.

त्याच बाईंनी मला आकड्याला प्रश्न विचारायला शिकवलं. रोज टोचू नका म्हणाल्या, मशीनला लावायची एक स्ट्रिप मला वीसेक रुपयांना पडते, पैसे झाडाला लागत नाहीत. आठवड्यात एकच पदार्थ धरा, खाण्याच्या आधी एकदा आणि पहिल्या घासापासून दोन तासांनी एकदा, दोन्ही आकडे शेजारी शेजारी लिहा आणि समोर काय खाल्लं ते लिहा.

पहिला प्रयोग अर्थातच तर्री पोह्यांचा. आधी 121, भरपूर प्लेटभर खाऊन दोन तासांनी 219. पुढच्या रविवारी पोहे निम्मे, तर्रीतले चणे दुप्पट, सोबत कांदा, आणि खाल्ल्यावर गच्चीवर पंधरा मिनिटं चालले, तर 163. तर्री सुटली नाही याचा किती आनंद झाला ते सांगता येत नाही. माझं ध्येय दोन तासांनी 180 च्या आत, ते मला डॉक्टरांनी ठरवून दिलंय, तुमचं वेगळं असू शकतं, वय जास्त असेल, किडनी-हार्टचं काही असेल तर ते सैल ठेवतात.

धक्का बसला तो ज्वारीचा. ज्वारी म्हणजे औषधच या समजुतीने मी तीन-तीन भाकरी चेपत होते, तर 207! एक भाकरी, वाटीभर डाळ आणि भाजी घेतली की सगळं आटोक्यात. भात मात्र मला वाटलं त्यापेक्षा बरा वागला, छोटी वाटी वरण आणि कोशिंबिरीसोबत. हे माझं झालं हं, माझ्या बहिणीला तीच वाटी चढते. म्हणून माझी वही तुम्हाला झेरॉक्स करून देऊन उपयोग नाही.

आणखी एक, आपल्या उन्हाळ्याचं. मे महिन्यात मी स्ट्रिपची डबी ॲक्टिव्हाच्या डिकीत विसरले, बाहेर 45 डिग्री, डिकीत तर विचारूच नका, मग आठवडाभर आकडे काहीच्या बाही. इन्शुलिनचंही तेच, न उघडलेलं फ्रिजमध्ये दाराशी, फ्रीजरमध्ये कधीच नाही, आमचे भाऊजी प्रवासात ओल्या फडक्यात गुंडाळून नेतात. तेच भाऊजी मेमध्ये टेकडीच्या गणपतीला अनवाणी गेले, शुगरमुळे तळपाय बधिर झालेले, तापल्या फरशीचा चटकाच कळला नाही, घरी आल्यावर मोज्याला ओल लागली तेव्हा फोड दिसला. तीन महिने ड्रेसिंग. तेव्हापासून आम्ही दोघं रात्री तळपाय बघतो, मी आरशात, ते वहिनीकडून.

माझं शेवटचं एचबीए1सी 7.1 होतं, मधे एकदा 7.8 पण झालं, दिवाळीनंतर. वहीतल्या त्या दिवसांच्या पानांवर मी काही लिहिलेलंच नाही.

तर ताई, तुम्ही रविवारी याच. येताना ह्यांना घेऊन या, त्यांच्या गोळ्यांची पाकिटं आणा, मशीन आणा. नाश्ता माझ्याकडेच, पण आल्याआल्या दोघांनाही आधी बेसिनकडे पाठवणार आहे.