गोळपच्या चढावरचा गृहपाठ

आमची वारी पंढरपूरची नव्हे. रत्नागिरी ते पावस, 18-20 किलोमीटर, एका दिवसाची. पण अण्णा तिला वारीच म्हणायचे. कोणी हटकलं तर सांगायचे, "आषाढात विठोबा बोलावतो, पण तेव्हा कोकणातला माणूस लावणीच्या चिखलात गुडघाभर. पाय निघेपर्यंत द्वादशी उजाडते." म्हणून तर आमच्याकडचे माळकरी कार्तिकीला जातात. अण्णाही जायचे. पुढे गुडघे कुरकुरायला लागले तेव्हा त्यांनी पावस धरलं. भातझोडणी उरकली की डिसेंबरातला एक रविवार.

अण्णा मार्चमध्ये गेले. मी डोंबिवलीहून आदल्या रात्री पोचले ते, खरं सांगायचं तर, 'आता हे बंद करू या' असं सांगायला. पहाटे पाचला दार उघडलं तर अंगणात सोळा माणसं, दोघांच्या गळ्यात टाळ. मला कोणी काही विचारलंच नाही. मी चपला शोधल्या.

भाट्याच्या पुलावर उजाडलं. खाली काजळी नदी खाडीला मिळालेली, भरती चढत होती. इथे अण्णांचा पहिला तास असायचा. जन्मभर प्राथमिक शाळेत शिकवलेला माणूस, निवृत्तीनंतर वर्ग नाही म्हणून पूल चालवून घ्यायचे. मागे हात करून सांगायचे, "ब्रह्मदेशचा थिबा राजा 1886 साली इथे आणला इंग्रजांनी. 1916 मध्ये इथेच गेला. तीस वर्षं! हापूसची चटक लागल्यावर परत जातोय कशाला?" दर वर्षी हेच, आणि दर वर्षी आम्ही हसायचो. यंदा पुलावर सगळे आपसूक थांबले, मागे वळून बघितलं आणि काही न बोलता पुढे निघाले.

झरी विनायकाला हात जोडले, सुरूच्या बनाकडून वारा आला. फणसोपपर्यंत रस्ता कसा सरला कळलं नाही. मग गोळपचा चढ. चढ संपला की सड्यावर एक चहाची टपरी आहे, तिथे अण्णांचा दुसरा तास, गृहपाठ तपासण्याचा. निघताना प्रत्येकाला एकेक प्रश्न द्यायचे, उत्तर पुढच्या वर्षी याच जागी. मोबाईलवर शोधलंत तर शून्य गुण.

मला वाटलं होतं, यंदा हा विषय निघणार नाही. चहा यायच्या आत रिक्षावाले तात्या उभे राहिले, शाळेत राहतात तसे, हाताची घडी घालून. "थिबाची राणी सुपयालत," म्हणाले. "नगर वाचनालयात जाऊन काढलं. मेंबरच झालो."

आमचं नगर वाचनालय 1828 सालचं. पुस्तक परत करायला उशीर झाला की अण्णा तिथे म्हणायचे, "वाचनालय जुनं आहे ना, मग दंडही 1828 च्या दरानं घ्या."

तात्या माझ्याकडे बघत राहिले. बरोबर की चूक, ते मीच सांगायचं होतं. मी पदराआड मोबाईल धरून हळूच पाहिलं आणि "बरोबर" म्हटलं. शून्य गुण मला. मग एकेक उठत गेले. टपरीवाल्या काकी चहा गाळता गाळता म्हणाल्या, "माजा प्रश्न व्हता, कपाला बशी कशाला. मी सांगितलंन, अण्णांसारक्या बोलणाऱ्याचा चा निवायला." यावर सगळे इतके हसले की एका काकांना ठसका लागला.

माझाही प्रश्न होता. गेल्या वर्षी इथेच विचारलेला: "बाय, मूग गिळले की माणूस गप्प बसतो म्हणतात. मग पावसला खिचडी खाऊन आपली माणसं एवढी बडबडतात कशी?" मी ऑफिसच्या फोनवर होते. "अण्णा, पुरे आता," एवढंच म्हटलं होतं. ते मी टपरीवर कोणाला सांगितलं नाही.

उतार उतरून बारा वाजायच्या आत पावसला पोचलो. स्वामी स्वरूपानंदांच्या समाधीपुढे बसले. स्वामींनी ज्ञानेश्वरी सोप्या अभंगांत आणली, जवळजवळ 40 वर्षं इथल्या एका घरातल्या खोलीत राहून. अण्णा हे त्यांच्या पद्धतीने सांगायचे: "ते चाळीस वर्षं एका खोलीत बसले, आणि तुम्हाला एक दिवस चालायचा कंटाळा."

मग प्रसादाची पंगत. गरम खिचडी वाढली. सोळा माणसं, मी सतरावी, आणि कोणी अवाक्षर काढेना. माझा घास घशातच राहिला.

तेवढ्यात तात्या माझ्याकडे वाकले. "बाय, अण्णा घरचं लोणचं आणायचे गो, बाटलीतून. तू आणलंस?"

मी नव्हतं आणलं.

"मग पुढच्या वर्षी," म्हणाले, आणि पानावर वाकले.